पंचवटीतली झोपडी आणि माझी भाड्याची खोली



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग १५ आणि १६ (गीता प्रेसच्या आवृत्तीप्रमाणे)
आजचा प्रश्न : घरापासून लांब राहताना आनंदात राहिलं, तर घराला विसरल्यासारखं होतं का?

आज थोडं स्वतःबद्दल सांगून सुरुवात करतो, कारण हे दोन सर्ग मला पुस्तकात समजले नाहीत. ते माझ्या स्वयंपाकघरात समजले.

एक ताट, एक ग्लास

मी मूळचा नांदेडचा. सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशिकला आलो. इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात काही वर्षं काढली होती, मग इथे जरा बरा जॉब मिळाला. 'दोन वर्षं काढू, मग बघू' या हिशोबाने एक वन-बीएचके भाड्याने घेतला. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. जमिनीवर एक गादी, एक टेबल, लॅपटॉप, इंडक्शनची शेगडी. पडदे लावले नाहीत, कारण कशाला? आपल्याला इथे थोडंच राहायचंय!

पहिल्याच वर्षी बाबा गेले. रात्री अडीचला ताईचा फोन आला. मिळेल त्या गाडीने निघालो, पण पोचलो तेव्हा उशीर झाला होता. ते शेवटचं भेटायचं राहिलंच. तेराव्यानंतर आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी बांधलेलं घर आहे, मी कुठं जाऊ?" ताई परभणीला असते, तिची ये-जा असते. पण रोज संध्याकाळी दिवा लावायला त्या घरात आई एकटीच.

मी परत नाशिकला आलो आणि एक गोष्ट नकळत ठरवून टाकली. तेव्हा हे शब्दात सांगता आलं नसतं, आता येतं : आई तिथे एकटी असताना मी इथे मजेत राहायचं नाही. टीममधले रविवारी मिसळ खायला जायचे, मी "काम आहे" म्हणायचो. पाऊस पडला की सगळे त्र्यंबकच्या रस्त्याला गाड्या काढायचे, मी रूमवर. मेसचा डबा, मोबाईल, झोप. वाचन चालू होतं, नामस्मरणही चालू होतं. उलट मला वाटायचं की मी फार वैराग्याने राहतोय!

तिसऱ्या वर्षी थंडीत आई पहिल्यांदा चार दिवस राहायला आली. ओट्यापाशी गेली, मांडणी उघडली. एक ताट, एक ग्लास, एक पातेलं. ती काहीच बोलली नाही. मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन ती भांडी बाजारात जाऊन आली होती. चार ताटं, चार वाट्या, एक लोखंडी तवा आणि कुंडीत तुळस.

रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "पाहुण्यासारखं राहायलास रे. तीन वर्षं कुणी पाहुणा असतो का?"

मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "तू असा राहायलास हे मला आधी कळलं असतं, तर मला तिकडं घास गेला नसता."

म्हणजे बघा. जे मी तिच्यासाठी सोडलं होतं असं मला वाटत होतं, त्याने तिला काहीच मिळालं नव्हतं. फक्त दुःख मिळालं असतं, तेही कळलं असतं तर.

ती गेल्यावर मी अरण्यकांड पुन्हा उघडलं.

रामाची 'ट्रान्सफर'

आता आजचं वाचन. आधी थोडी पार्श्वभूमी.

राम वनवासाला निघाला तो चौदा वर्षांसाठी. आपण मनात धरतो की ही सगळी वर्षं तो एका जागी होता. तसं नाही. आधी चित्रकूट. मग दंडकारण्यात ऋषींच्या आश्रमांतून फिरणं, त्यातच दहा वर्षं गेली. अकराव्या सर्गात याचा हिशोबच दिलाय : कुठे दहा महिने, कुठे एक वर्ष, कुठे चार महिने, कुठे पाच-सहा. ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा बरं वाटतं!

मग अगस्त्य ऋषींनी पंचवटीची जागा सुचवली. वाटेत जटायू भेटला. आणि १५व्या सर्गात तिघं गोदावरीच्या काठी पोचतात. नाशिककर जिला पंचवटी मानतात ती हीच, काळाराम मंदिर आणि सीता गुंफेचा परिसर. मी राहतो तिथून स्कूटरवर पंधरा मिनिटं.

पोचल्यावर राम लक्ष्मणाला जागा शोधायला सांगतो. त्याच्या अटी ऐका : सीतेचं मन रमेल अशी, तुला-मला बरं वाटेल अशी, पाणी जवळ असलेली, फुलं, समिधा, दर्भ हाताशी मिळतील अशी. लक्ष्मण म्हणतो, तुम्हीच सांगा, मी बांधतो. मग राम त्याचा हात धरून जागा दाखवतो. सपाट जमीन, फुललेली झाडं, आणि गोदावरी ना फार लांब, ना फार जवळ. आपण फ्लॅट बघताना पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं ते विचारतो, तसंच.

इथे मी पहिल्यांदा थांबलो. वनवासाची इतकी वर्षं निघून गेली होती, थोडीच उरली होती. 'आता काय, जेमतेम दिवस काढायचे' असं राम म्हणू शकला असता. तो म्हणत नाही. तो विचारतो, सीतेला इथे आवडेल का?

तात्पुरत्या घराला पक्के खांब

लक्ष्मण झोपडी बांधतो, आणि वाल्मीकी ती कशी बांधली ते नीट सांगतात. मातीचं बांधकाम, भक्कम खांब, वर लांब बांबू, त्यावर शमीच्या फांद्या, दोरांनी घट्ट आवळलेल्या, आणि वरून कुश, काश, बोरू आणि पानं. खालची जमीन सपाट केलेली. कुठेही 'चालतंय की' नाही.

मग लक्ष्मण गोदावरीवर जाऊन अंघोळ करतो, कमळं आणि फळं घेऊन येतो, फुलं वाहून वास्तूची शांती करतो. म्हणजे तात्पुरत्या घराचीही वास्तुशांत झाली! आणि मगच तो रामाला घर दाखवतो.

राम आणि सीता ते बघतात. राम इतका खूश होतो की लक्ष्मणाला मिठी मारतो. तो साधारण असं म्हणतो की एवढ्या मोठ्या कामाचं बक्षीस म्हणून द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून ही मिठी. अयोध्येचा राजपुत्र, खिशात काही नाही, आणि तरी देण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे आहे.

आणि पुढचं वाक्य. मी ते आधी चार वेळा वाचलं असेन, पण कधी थांबलो नव्हतो. राम लक्ष्मणाला म्हणतो की तुझ्यासारखा मनातलं ओळखणारा माणूस सोबत आहे, तेव्हा आपले वडील गेले असं मला वाटत नाही.

लक्षात घ्या, दशरथ राजा गेला तेव्हा रामही जवळ नव्हता. त्याला ती बातमी चित्रकूटला भरताने येऊन दिली. शेवटची भेट त्याचीही राहून गेली होती. आणि ते दुःख कुठे जरा हलकं झालं? अयोध्येच्या महालात नाही. गवताने शाकारलेल्या एका नीट बांधलेल्या झोपडीत.

आईने आणलेला तो लोखंडी तवा ओट्यावर होता. मी पुस्तक बंद करून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. माझ्या घरातही कुणीतरी येऊन खांब रोवून गेलं होतं.

एकाच सकाळी दोन नद्या

आता १६वा सर्ग. माझ्या मते आज घरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाने हा वाचावा.

शरद संपून हेमंत आलाय. पहाटे तिघं गोदावरीवर अंघोळीला निघालेत. लक्ष्मण हातात कलश घेऊन मागून चालतोय आणि थंडीचं वर्णन करतोय. धुकं, दवाने ओली झालेली शेतं, वाकलेल्या भाताच्या लोंब्या, दुपारचं हवंहवंसं ऊन. तहान लागलेला हत्ती पाण्याला सोंड लावतो आणि गारठ्याने झटकन मागे घेतो, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेला की आपण नाशिककर जसं एकमेकांना 'आज किती?' विचारतो, तसाच तो उत्साह.

पण बोलता बोलता लक्ष्मणाला भरत आठवतो. तो म्हणतो, या अशा थंडीत भरतही जमिनीवर झोपत असेल, आणि आत्ता याच वेळी शरयूवर अंघोळीला निघाला असेल. मग रागाच्या भरात तो कैकेयीला बोल लावतो. राम त्याला तिथेच थांबवतो : आईला नावं ठेवू नकोस, भरताबद्दल बोल.

आणि मग राम जे बोलतो ते किती प्रामाणिक आहे! वनात राहायचा माझा निश्चय पक्का आहे, पण भरताच्या आठवणीने मन पुन्हा लहान मुलासारखं होतं. आपण सगळे परत कधी भेटणार? असं म्हणून, आठवण काढत काढत तो गोदावरीत उतरतो आणि स्नान करतो.

इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मी समजत होतो की दोनच पर्याय आहेत. एकतर घराची आठवण ठेवायची आणि इथे कोरडं राहायचं, नाहीतर इथे रमायचं आणि घर विसरायचं. वाल्मीकी एकाच सर्गात, एकाच सकाळी दोन्ही दाखवतात. रामाला गोदावरीची पहाट आवडते. रामाला भरताची आठवण येते, मन कासावीस होतं. पहिल्यामुळे दुसरं कमी होत नाही. दुसऱ्यासाठी पहिलं सोडावं लागत नाही.

चित्रकूटलाही हेच होतं. अयोध्याकांडात सर्ग ९४ आणि ९५ मध्ये तो सीतेला डोंगर आणि मंदाकिनी नदी दाखवतो आणि सांगतो की हे बघताना राज्य गेल्याचं दुःख मला टोचत नाही. या डोंगरालाच अयोध्या समज, या नदीलाच शरयू समज, असंही म्हणतो. आणि तोच राम काही वर्षांनी गोदाकाठी भरतासाठी लहान मुलासारखा होतो. म्हणजे समाधान एकदा मिळालं की काम संपलं, असं नाही. आठवण परत येते. येऊ द्यायची. आणि नदीवर जायचं ते जायचंच.

संतुष्ट आणि अनिकेत

गीतेच्या बाराव्या अध्यायात देवाला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं आहेत. १९व्या श्लोकात 'संतुष्ट' हा शब्द येतो, जे मिळेल त्यात समाधानी अशा अर्थाने. आणि त्याच श्लोकात लगेच पुढे शब्द आहे 'अनिकेत', म्हणजे ज्याचं ठराविक असं घर नाही तो. हे दोन शब्द इतके जवळ आहेत हे मला खूप उशिरा दिसलं.

जुने लोक याचा अर्थ 'घराची आसक्ती नसलेला' असा घेतात, आणि तो बरोबरच आहे. पण दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट रिन्यू करणाऱ्याने तो जरा स्वतःच्या बाजूनेही वाचावा. हक्काचं घर झालं की समाधान येईल, सेटल झालो की मन लावून जगू, होम लोन मंजूर झालं की तुळस लावू, ही अट गीतेने कुठेच घातलेली नाही.

पण 'गप्प बसा' असा अर्थ नाही

ऑफिसमधला एक ज्युनिअर मला एकदा म्हणाला, "दादा, हे संतोष वगैरे ठीक आहे, पण मग इन्क्रिमेंट मागायचंच नाही का? रात्रीचे दोन वाजेपर्यंत कॉल घ्यायचे?"

चांगला प्रश्न आहे. उत्तर त्याच अरण्यकांडात आहे. सहाव्या सर्गात दंडकारण्यातले ऋषी राक्षसांच्या त्रासाबद्दल रामाकडे येतात. राम त्यांना 'जे आहे त्यात समाधान माना' असा उपदेश करत नाही. तो रक्षणाचा शब्द देतो. सीता त्याबद्दल शंका काढते तेव्हा, दहाव्या सर्गात, तो त्या शब्दावर ठाम राहतो. स्वतःच्या वल्कलांबद्दल आणि कंदमुळांबद्दल तो समाधानी आहे, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल नाही.

आणि आपल्या पंचवटीत उभं राहून हे सोपं समजू नये. याच काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो साधी माणसं त्यात उतरली. तो लढा सुमारे पाच वर्षं चालला. रामाच्याच दारात. 'आहे त्यात सुख माना' हे ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना ऐकवलं, त्यांना मिळालेलं ते उत्तर होतं. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय : समाधानाचा उपदेश फक्त स्वतःला करायचा. दुसऱ्याला त्रास होत असेल, तर त्याला आधी विचारायचं, मी काय करू शकतो?

तर हो, इन्क्रिमेंट मागा. दोन वाजताचे कॉल चुकीचे असतील तर तसं सांगा. फक्त ते मिळेपर्यंत चहा बेचव लागायला हवा, असं काही नाही.

सध्या माझं काय चाललंय

आता पडदे आहेत. गादीखाली पलंग आला. चार ताटांपैकी दोन तरी रविवारी वापरली जातात. टीममधली मुलं येतात, मी धपाटे करतो, जमतील तसे. पहिल्या वेळी तव्याला इतके चिकटले की शेवटी आम्ही चिवड्यावर भागवलं. रविवारी मिसळही खातो, काळा रस्सा, वर दही, सोबत पापड. माझा एक नाशिककर मित्र तेव्हा न चुकता चिडवतो, "तुमच्या जायकवाडीला पाणी सोडून सोडून आमची द्राक्षं वाळली!" मी म्हणतो, "अडवून अडवून आमचं नांदेड वाळलं त्याचं काय?" आणि दोघं मिळून दुसरा पाव मागवतो.

आठवड्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, सकाळी साडेसहाला रामकुंडावर जातो. थंडीत पाण्यावर वाफ असते. काठावर चहावाला असतो. कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी पोराला पहिल्यांदा गंगेवर आणलेलं असतं. नाशिकमध्ये गोदावरीला 'गंगा' म्हणतात, आमच्या नांदेडलाही 'गंगा'च म्हणतात. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी १४६५ किलोमीटर जाते, आणि त्या वाटेवर नाशिकनंतर खूप पुढे माझं गाव लागतं. मधे किती धरणं अडवतात ते सोडा, नदी एकच आहे.

तिथूनच आईला फोन लावतो. त्या वेळी ती तुळशीला पाणी घालत असते.

"काय करायलास रे?"

"गंगेवर आलोय. चहा पितोय."

"बरं. मीबी चहाच ठेवलाय."

बस, एवढंच. लक्ष्मणाला गोदावरीवर जाताना शरयूवर निघालेला भरत दिसला होता, ते असंच काहीतरी असणार.

सगळं सुटलंय असं नाही. आई अजूनही एकटी आहे, वय वाढतंय, आणि 'तू इकडं ये' आणि 'मी तिकडं येत नाही' हा वाद आमच्यात दर महिन्याला होतो. दर दुसऱ्या महिन्यात तपोवन एक्स्प्रेसने जाऊन येतो. बाबांची शेवटची भेट राहिली ती राहिलीच, ते कुठल्याही वाचनाने भरून निघत नाही. पण आता आई फोनवर "जेवलास का?" विचारते तेव्हा मी खोटं बोलत नाही.

आजची कृती

१. घरात एक वस्तू अशी शोधा जी 'इथे कुठे कायमचं राहायचंय' म्हणून तुम्ही घेतली नाही. दुसरं ताट, चांगला दिवा, एखादी कुंडी. या आठवड्यात ती आणा. महाग नको, पण धड असू द्या.

२. आज एक साधी गोष्ट मोबाईल बाजूला ठेवून करा. चहा, अंघोळ, बसच्या खिडकीतली दहा मिनिटं, काहीही. मनात 'रामार्पण' म्हणा आणि मग चव घ्या.

३. घरी फोन करा आणि 'सगळं ठीक आहे' याऐवजी आज काय आवडलं ते सांगा. एकच गोष्ट. लांबच्या माणसाला तेवढंच हवं असतं.

४. आठवण आली तर तिला हाकलू नका. राम आठवणीसकट पाण्यात उतरला होता.

प्रार्थना

हे रामराया, तू आमच्या या गावात परका म्हणून आलास आणि इथे घर केलंस. जे घरापासून लांब आहेत त्यांच्या ताटात चव दे. जे मागे घरी राहिलेत त्यांच्या संध्याकाळी सोबत दे. आम्हाला आमच्यापुरतं समाधान दे, आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कधीही समाधानी होऊ देऊ नकोस.

उद्या सर्ग १७. स्नान करून तिघं झोपडीत परततात, गप्पा चालू असतात, आणि शूर्पणखा येते. म्हणजे ती शांत सकाळ फार टिकणार नव्हती. पण ती होती, आणि ती त्यांनी पुरेपूर घेतली, एवढं आज लक्षात ठेवूया.

राम कृष्ण हरी.